केलोनाचं ऊन नेमकं किती महिन्यांचं?

गेल्या अंकात मी केलोनाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि संपादकांनी वाचकांच्या पत्रांची थप्पीच पाठवली. बहुतेकांनी तोच एक फोटो पाहिलेला दिसतो: खाली निळंशार पाणी, उतारावर द्राक्षांच्या ओळी, हातात ग्लास घेतलेलं जोडपं. फोटो खोटा नाही, पण तो जुलैतला आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: केलोना हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं शहर. ओकानागन खोऱ्यात, ओकानागन सरोवराच्या पूर्व काठावर. व्हँकुव्हरहून डोंगर ओलांडून गाडीने चारेकशे किलोमीटर. २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,४४,५७६ होती. मी इथल्या एका द्राक्षबागेत काम करते. माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे द्राक्षाचा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं. चालवून घ्या.

प्रश्न: नवऱ्याला व्हँकुव्हरच्या कंपनीने कायमचं घरून काम करायची मुभा दिली आहे. इथल्या हिवाळ्यातल्या सततच्या पावसाला आम्ही विटलो. केलोनात वर्षभर लख्ख ऊन असतं असं मैत्रीण सांगते. मुलगी चौथीत आहे. तिकडे बिऱ्हाड हलवावं का?
(एक वाचक, मूळ पुणे)

ताई, मैत्रीण जुलैत आली होती का?

उन्हाळ्याबद्दल ती म्हणते ते सोळा आणे खरं. पॅसिफिकवरून येणारा पाऊस कोस्ट आणि कॅस्केड पर्वतरांगा आधीच अडवतात. खोऱ्यात पोचते ती कोरडी हवा. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला चारशे मिलिमीटरही भरत नाही. इथल्या कोरड्या उतारांवर निवडुंग उगवतो, हे सांगितलं तर भारतातल्या नातेवाइकांना थट्टा वाटते. जूनमध्ये सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो आणि पोरांना पाण्यातून अक्षरशः ओढून घरी आणावं लागतं. जूनअखेर ते सप्टेंबरचा मध्य, या काळात या गावासारखं गाव नाही असं मीही म्हणेन.

पण नोव्हेंबर येतो. सरोवर खोल आहे, सगळ्यात खोल जागी २३२ मीटर, आणि उन्हाळाभर साठवलेली ऊब ते हळूहळू सोडत राहतं. वरून थंड हवा येऊन दरीत बसते. मग दोन्ही बाजूंच्या डोंगरांच्या मध्ये राखाडी ढगाचं झाकण बसतं आणि कधीकधी आठवडा आठवडा हलत नाही. पाऊस नसतो, वारा नसतो, नुसतं मळभ. डिसेंबरात दुपारी चारला दिवे लावावे लागतात. गंमत अशी, की त्याच दिवशी बिग व्हाइटला, म्हणजे वरच्या स्कीच्या डोंगरावर, कडक ऊन असतं आणि खाली पाहिलं तर आख्खं खोरं ढगात बुडालेलं. त्यामुळे हिवाळ्यात इथे ज्यांचा जीव रमतो ते लोक शनिवारी सकाळी गाडीवर स्की बांधून वर जातात. ज्यांना बर्फावर पाय ठेवायची हौस नाही त्यांची जानेवारीत चिडचिड होते. तुम्ही यांतल्या कुठल्या, हे तुम्हालाच ठाऊक.

आता पैशाचं. इथे लोक ‘सनशाइन टॅक्स’ म्हणतात. सरकारी कर नाही हा, बोलण्यातला. उन्हासाठी लोक येतात म्हणून घरं महाग, आणि कामं बरीचशी पर्यटन, शेती, बांधकाम, दुकानदारी यांतली म्हणून पगार बेताचे. तुमच्या नवऱ्याचा पगार व्हँकुव्हरचा राहणार असेल तर हा चिमटा तुम्हाला कमी बसेल. तुम्हाला स्वतःला इथे नोकरी शोधायची असेल तर मात्र आधी शोधा आणि मग ट्रक बोलवा. रुग्णालय, विद्यापीठ, शाळा, विमानतळ ही मोठी आणि बऱ्या पगाराची ठिकाणं. तिथे जागा निघतात, पण रांग असते.

प्रांत तोच असल्याने तुमचं सरकारी आरोग्य कार्ड इथेही चालेल. फॅमिली डॉक्टर मात्र नव्याने मिळवावा लागेल आणि ते सोपं नाही. प्रांताच्या हेल्थ कनेक्ट रजिस्ट्रीत, म्हणजे डॉक्टर हवा असलेल्यांच्या यादीत, पत्ता बदलल्या दिवशी नाव घाला. तोवर जुन्या डॉक्टरांना सोडू नका, फोनवर बघतात का ते विचारा.

आणखी एक. ‘कायमचं घरून काम’ हे कंपनीने लेखी दिलंय का? महिन्यातून एकदा जरी ऑफिसात बोलावलं तर हिवाळ्यात कोकिहाला हायवे, म्हणजे व्हँकुव्हरकडे जाणारा डोंगरातला रस्ता, ओलांडावा लागेल. १ ऑक्टोबरपासून त्या रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे असतात, आणि सक्ती उगाच नाही. विमान आहे, पण धुक्यात तेही रखडतं.

मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी असं चार महिन्यांचं भाड्याचं घर घ्या. त्या दिवसांत सुट्टीची घरं रिकामी पडलेली असतात, सवलतीत मिळतात. तो काळ निभावला तर उन्हाळा आपोआप निभेल.

प्रश्न: आमची चार एकर द्राक्षबाग आहे. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला तरी आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. तुमच्याकडे उणे वीस होतं म्हणे. मग वेल जगते कशी? छाटणी दोनदा करतात की एकदा?
(एक द्राक्ष बागायतदार, निफाड)

दादा, तुमचं पत्र वाचून इतकं बरं वाटलं की सगळ्यात आधी याचंच उत्तर लिहायला बसले होते.

आपल्याकडे वेल झोपतच नाही. तिला आपण एप्रिलच्या खरड छाटणीने आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीने वळण लावतो. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं पिवळी पडून गळतात आणि वेल खरोखर झोपते. छाटणी एकच, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, कधी गुडघाभर बर्फात उभं राहून. एप्रिलअखेर किंवा मेमध्ये डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टात मण्यांना रंग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. मणी फुगवायला घड जिब्रेलिकच्या द्रावणात बुडवणं नाही, कात्री घेऊन मण्यांचं थिनिंग नाही. वाइनला बारीक मणी आणि जाड सालच हवी असते. पहिल्या हंगामात ते बारके घड बघून माझा जीव तुटायचा, असं वाटायचं की कुणीतरी बाग वाऱ्यावर सोडलीय.

रोगांचं म्हणाल तर भुरी आहे आणि ती फवारायला लावते. डाऊनीचं, म्हणजे केवड्याचं नाव मात्र सहसा कानावर येत नाही, हवाच तेवढी कोरडी. अवकाळी पावसाने घड कुजण्याची धास्ती तुमच्यापेक्षा कितीतरी कमी. त्याऐवजी साळुंकीच्या जातीचे स्टारलिंग पक्षी थव्याने येतात म्हणून ओळींवर जाळी, आणि हरणांसाठी उंच कुंपण.

थंडी. वेल थंडी सोसते ती टप्प्याटप्प्याने शिकून. शरद ऋतूत पारा हळूहळू उतरत गेला तर डोळ्यातलं पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही, द्रवच राहतं. चांगली तयार झालेली वेल उणे वीसपर्यंत फारशी कुरकुर करत नाही. त्याखाली प्रत्येक जातीची सोसण्याची कुवत वेगळी. रीसलिंग चिवट, मर्लो आणि सिराह नाजूक. म्हणून इकडे केलोनाच्या बाजूला पिनो न्वार, रीसलिंग, पिनो ग्री जास्त दिसतील, आणि दक्षिणेला ऑलिव्हर-ओसोयूस गावांकडच्या तापणाऱ्या जमिनीत लाल वाइनच्या जाती.

२०२३ चा डिसेंबर उबदार गेला. वेलींना थंडीची पुरेशी सवय झाली नाही. आणि जानेवारी २०२४ च्या मध्यावर पारा एकाएकी कोसळला, कित्येक ठिकाणी उणे पंचवीसच्याही खाली गेला. आदल्या वर्षीच्या, म्हणजे डिसेंबर २०२२ च्या थंडीने आधीच पुष्कळ वेली अधू करून ठेवल्या होत्या.

त्यानंतरचं काम तुम्हाला ओळखीचं वाटेल. तुम्ही फळछाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन सूक्ष्मघड तपासून घेता ना, तसंच. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून काड्या कापून आणायच्या आणि दोन दिवस खोलीच्या उबेत ठेवायच्या. लगेच कापल्या तर मेलेला डोळाही हिरवाच दिसतो, फसवतो. मग दाढीच्या ब्लेडने डोळ्याचा आडवा काप घ्यायचा. आत तीन अंकुर असतात: मधला मुख्य, ज्याला खरा माल लागतो, आणि बाजूला दोन राखीव. हिरवा तर जिवंत, तपकिरी तर गेला. त्या आठवड्यात आम्ही टेबलाभोवती बसून काप घेत होतो आणि एक जण कागदावर रेघा ओढत होता. पहिल्या काडीचे सगळे डोळे तपकिरी. दुसरीचे तपकिरी. कुणीतरी म्हणालं, सखल भागातल्या असतील, वरच्या बघू. वरच्याही तपकिरी. नंतर नंतर कुणी काही बोलेनाच, नुसता ब्लेडचा आवाज.

त्या वर्षी प्रांतातलं वाइनच्या द्राक्षांचं पीक ९७ ते ९९ टक्के बुडालं, असा इथल्या वाइन उद्योगाचा अंदाज. पीच आणि ॲप्रिकॉटही गेले. शेवटी प्रांताने वाइनरींना तात्पुरती बाहेरून द्राक्षं आणि रस आणायची परवानगी दिली. म्हणून कुणी तुम्हाला २०२४ ची ओकानागनची बाटली भेट दिली तर मागचं लेबल जरूर वाचा, द्राक्षं कुठली ते.

आता तुमच्या कामाचा मुद्दा, खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधतो त्यांचा. आपण डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम करतो ते पाण्याच्या ताणासाठी आणि खारट जमिनीसाठी. इथे पुष्कळ जुन्या बागा स्वमुळावर, म्हणजे बिनकलमी आहेत. वरचं खोड थंडीने फुटलं तरी जमिनीतून जो धुमारा येतो तो त्याच जातीचा, दोन-तीन वर्षांत बाग पुन्हा उभी राहते. कलमी वेल जोडाच्या खाली मेली तर पाणी सोडा. जोडाच्या वर मेली तर खालून उगवतो तो नुसता खुंट. म्हणून थंडीआधी काही जण जोडावर माती चढवून ठेवतात. मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीच्या भीतीने कलम करावं, की थंडीच्या भीतीने करू नये, यावर इथे दोन शेतकरी एकत्र आले की वाद ठरलेला. मी स्वमुळाच्या बाजूची आहे.

आणि तुमच्या शेकोट्या: वसंतातल्या गोठणाऱ्या दहिवरासाठी इथे बागेत उंच खांबावर मोठे पंखे असतात. रात्री वरची हवा खालच्यापेक्षा उबदार असते, तिला ते खाली ढकलतात. जानेवारी २०२४ सारखी ध्रुवाकडची थंडी उतरली की वरही तीच हवा आणि खालीही तीच. पंखा काय करणार?

प्रश्न: माझी मुलगी सप्टेंबरपासून यूबीसीच्या (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या) केलोनातल्या ओकानागन कॅम्पसला शिकायला जाते आहे. २०२३ च्या वणव्याचे व्हिडिओ पाहिल्यापासून मला झोप नाही. मुलगी म्हणते, आई तू उगाच घाबरतेस. खरं काय?
(एक आई, सातारा)

काकू, तुम्ही उगाच घाबरत नाही, आणि मुलीनेही जाणं रद्द करू नये. दोन्ही खरं आहे.

वणवा इथल्या ऋतुचक्राचाच भाग होऊन बसलाय. २००३ साली शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगरात वीज पडून आग लागली, सत्तावीस हजारांवर लोकांना घरं सोडावी लागली आणि २३९ घरं जळाली. २०२३ च्या ऑगस्टात वेस्ट केलोनाच्या वरच्या मॅकडूगल क्रीकला आग लागली आणि रात्रीच्या वाऱ्यात निखारे उडून सरोवराच्या या काठावर पोचले. पाण्याचा पट्टा किलोमीटरांत मोजावा एवढा रुंद, तरी. मुलीचा कॅम्पसही तेव्हा रिकामा केला होता. विमानतळाचं आकाश बंद, पर्यटकांना हॉटेलं सोडायचा आदेश, कारण खोल्या बेघर झालेल्यांना आणि आग विझवणाऱ्यांना हव्या होत्या.

पण यंत्रणा कशी चालते ते समजलं तर तुमची निम्मी भीती जाईल. दोन शब्द मुलीला पाठ असू द्या. ‘अलर्ट’ म्हणजे सामान बांधून तयार राहा. ‘ऑर्डर’ म्हणजे निघा, आत्ता. ऑर्डर आल्यावर लॅपटॉपचा चार्जर शोधत बसायचं नाही, आणि ती उठेपर्यंत कुणालाही परत आत सोडत नाहीत. त्या ऑगस्टात आमच्या गल्लीला अलर्ट होता, ऑर्डर आली नाही. तरी दाराशी पिशवी तयार होती: पासपोर्ट, पदव्यांची प्रमाणपत्रं, औषधं, चष्मा. जुलै-ऑगस्टात मी गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. मुलीकडे गाडी नसेल तर ऑर्डर आल्यास कुणाच्या गाडीत बसायचं हे तिने आधीच ठरवून ठेवावं. घर सोडल्यावर नोंदणी केंद्रात जाऊन नाव द्यायचं, तिथून राहण्याजेवणाची पहिली सोय होते.

ती भाड्याच्या खोलीत राहणार असेल तर भाडेकरूचा विमा घ्यायला लावा. घरमालकाच्या विम्यात मुलीचा लॅपटॉप येत नाही. चांगल्या पॉलिसीत ऑर्डरमुळे बाहेर राहावं लागलं तर तो खर्चही मिळतो. आणि तो आल्या आल्या घ्यायला हवा. आग जवळ दिसू लागली की विमा कंपन्या नवीन पॉलिसी देणं थांबवतात.

आगीपेक्षा जास्त दिवस छळतो तो धूर. आग शंभर कोसांवर असली तरी धूर दरीत येऊन बसतो. हवेच्या गुणवत्तेचा आकडा इथे १ ते १० असा सांगतात आणि वाईट दिवशी ‘१० प्लस’. मुलीला दमा असेल तर हवा गाळणारा छोटा हेपा फिल्टर आणि एन-९५ मास्क तिथे गेल्यावर, पुढच्या ऑगस्टाच्या आत घेऊन ठेवावेत, नंतर दुकानं रिकामी होतात. हा धूर द्राक्षांच्या सालीतही शिरतो आणि वाइनला राखेची चव येते. धुराच्या वर्षी तोडणीआधी नमुने तपासायला पाठवतात.

ती सप्टेंबरात पोचतेय, म्हणजे मोसम उतरणीला लागलेला असेल. पहिला खरा उन्हाळा पुढच्या वर्षी. तोवर ती इथली झालेली असेल. जाता जाता, आल्या आठवड्यात सरकारी आरोग्य विम्यासाठी अर्ज करायला सांगा. तो लागू व्हायला आलेला महिना सोडून आणखी दोन महिने लागतात. त्या मधल्या काळाचा खासगी विमा तिच्याकडे असायलाच हवा.

प्रश्न: मुलगी केलोनात असते, कॅनडाची पीआर (कायमची रहिवासी) आहे. ठाण्याचा फ्लॅट विकून आम्हा दोघांच्या नावावर तिच्याजवळ छोटं घर घ्यावं म्हणतो. उन्हाळा तिकडे, हिवाळा इकडे.
(निवृत्त दांपत्य, ठाणे)

काका, तुमच्या नावावर नाही घेता येणार. कॅनडाचे नागरिक किंवा पीआर नसलेल्यांना निवासी घर विकत घ्यायला केंद्राची बंदी आहे. २०२३ च्या १ जानेवारीपासून लागू झाली, मग मुदत वाढवून १ जानेवारी २०२७ पर्यंत नेली. काही अपवाद आहेत, तुम्ही त्यांत बसत नाही. त्यात प्रांताचा रिकाम्या घरांवरचा कर केलोनालाही लागतो आणि प्रत्येक मालकाला दरवर्षी जाहीरपत्र भरावं लागतं. तेव्हा फ्लॅट विकू नका.

तुमच्यासाठी सुपर व्हिसा आहे, तिथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीचा. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. अट म्हणजे किमान १,००,००० डॉलरचा आरोग्य विमा आणि मुलीचं ठरावीक उत्पन्न.

मुलगी स्वतः घेत असेल तर एक सांगून ठेवते. सरोवरावरच्या पुलापलीकडे तशीच घरं बरीच स्वस्त दिसतील. जाहिरातीत ‘लीजहोल्ड’ लिहिलंय का बघा. ती जमीन वेस्टबँक फर्स्ट नेशनची, म्हणजे इथल्या मूळच्या सील्ख लोकांची आहे. २००५ पासून त्यांचं स्वतःचं शासन आहे. घर तुमचं, जमीन भाडेपट्ट्यावर. व्यवहार चोख असतात, भिण्यासारखं काही नाही, फक्त पट्ट्याची किती वर्षं उरलीत ते वकिलाकडून वाचून घ्यावं. इथे राहणाऱ्या कितीतरी निवृत्त लोकांनी तशीच घरं घेतलीत.

प्रश्न: एजंट म्हणतो, ओकानागनमध्ये चेरी आणि सफरचंद तोडायचा सीझनल व्हिसा नक्की मिळवून देतो, आठ लाख रुपये लागतील. मी बी.एस्सी. ॲग्री आहे. भरू का?
(एक तरुण, सांगली)

नाही.

कॅनडाचा हंगामी शेतमजुरांचा कार्यक्रम मेक्सिको आणि कॅरिबियन देशांशी झालेल्या करारांवर चालतो. भारत त्यात नाहीच. म्हणजे एजंट जे विकतोय ते भारतीय माणसाला मिळूच शकत नाही. शेतीसाठी परदेशी कामगार आणायची दुसरी वाट आहे, पण त्यात मालकाला आधी सरकारची परवानगी काढावी लागते. आणि हे नीट वाच: ब्रिटिश कोलंबियात कामगाराकडून नोकरी मिळवून दिल्याबद्दल पैसे घेणं बेकायदा आहे. परदेशी कामगार भरणाऱ्या एजंटाला प्रांताचा परवाना लागतो. तो परवाना दाखव म्हण, बघ काय उत्तर देतो.

इथल्या बागांतून मेक्सिकोचे, जमैकाचे लोक आहेत, क्युबेकहून दर उन्हाळ्यात तंबू घेऊन येणारी पोरं आहेत. बागांचे मालक बरेचसे पंजाबी आहेत. केलोनाच्या रटलंड भागात गुरुद्वारा आहे, आणि तिथे लंगरला बसलं की कुणाच्या बागेत कसं चाललंय ते सगळं कळतं. चेरीच्या हंगामात पहाटे अंधारात, कपाळावर दिवा बांधून तोडणी सुरू होते, कारण उन्हात फळ मऊ पडतं. पैसे तोडलेल्या मालावर. सहा आठवड्यांत हंगाम आटोपतो. समजा व्हिसा खरा असता तरी आठ लाख त्यातून कधी फिटले असते, तूच मांड.

बी.एस्सी. ॲग्री आहेस तर हेच आठ लाख घेऊन तुझ्याच भागातल्या बेदाण्याच्या धंद्याकडे बघ असं मी म्हणेन, पण तो सल्ला तू मागितलेला नाहीस.

प्रश्न: तुमच्या सरोवरात राक्षस आहे का?
(इयत्ता पाचवी, नगर)

त्याचं नाव ओगोपोगो. सरोवर १३५ किलोमीटर लांब आहे, त्यामुळे लपायला जागा भरपूर. गावात पाण्याजवळ त्याचा हिरवा पुतळा आहे आणि त्याच्यावर चढून फोटो काढायला मुलांची झुंबड असते. मला तो अजून दिसलेला नाही. सील्ख लोक मात्र याला राक्षस म्हणत नाहीत. त्यांच्या परंपरेत तो पाण्याचा पवित्र आत्मा आहे. तू आलास तर दोन्ही गोष्टी ऐकून घे.

प्रश्न: सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस केलोनाला येतोय. आम्ही दोघंही माळकरी, वाइनला शिवणार नाही. भाऊ-भावजय मात्र घेणार. मग आम्ही काय करायचं?
(एक वाचक, पंढरपूर)

तुम्ही गाडी चालवायची! भावाला याहून मोठा आनंद नाही. इथे रक्तात ०.०५ टक्के मद्य निघालं तरी रस्त्यावरच परवाना काढून घेतात, आणि घोट घोट चाखत तीन वाइनरी केल्या की हिशोब राहत नाही. चाखण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी पडतात, बाटली घेतली तर बऱ्याचदा माफ करतात. भाऊ-भावजय आत असतील तेव्हा तुम्ही ओळींच्या टोकाशी उभे राहून तोडणी बघा, तेव्हाच तर ती चालू असते. मालकाला विचारलं तर दोन मणी तोंडात टाकायला देतील. खाण्याच्या द्राक्षापेक्षा कितीतरी गोड, बिया भरपूर.

आणि तारखा तुम्ही नकळत फार चांगल्या निवडल्यात. मिशन क्रीक नावाचा ओढा शहरातूनच वाहतो. सप्टेंबरच्या मध्यापासून त्यात कोकनी मासे अंडी घालायला सरोवरातून वर चढतात. हे सामनच, पण समुद्रात कधी न गेलेले. अंग लालभडक, डोकं हिरवं, वीतभर पाण्यात दगडांना घासत, शेपटीने वाळू उडवत जागा करतात. अंडी घालून झाली की मरतात. काठावर उभं राहून फुकट बघायचं. पाण्यात उतरायचं नाही, कुत्रा सोडायचा नाही.

एक दिवस मायरा कॅनियनला द्या. जुन्या केटल व्हॅली रेल्वेचा मार्ग आहे, रूळ काढून सायकलसाठी सपाट केलाय. दरीवर अठरा पूल आणि दोन बोगदे. २००३ च्या वणव्यात त्यांतले बारा लाकडी पूल जळाले होते, ते पुन्हा बांधले. चढ नाही, त्यामुळे वहिनींना सायकलची सवय नसली तरी जमेल. सायकली तिथेच भाड्याने मिळतात, पण शेवटच्या शनिवारी-रविवारी येणार असाल तर आधी सांगून ठेवा. वर दुपारीही गार असतं, स्वेटर घ्या.

परतीच्या दिवशी फळांच्या स्टॉलवर अँब्रोशिया सफरचंद मिळतंय का बघा. ही जात शेजारच्या सिमिलकमीन खोऱ्यातली, एका बागेत आपोआप उगवलेल्या रोपापासून आलेली. सप्टेंबरअखेर तोडणी नुकती सुरू झालेली असते, त्यामुळे पहिल्या स्टॉलवर नसेल तर दुसऱ्यावर विचारा. भारतात न्यायचा विचार असेल तर सोडून द्या, विमानतळावर काढून घेतील. गाडीतच संपवा.